शेवटच्या वावरापर्यंत आवाज: सामुदायिक एफएम केंद्राचा अँटेना कसा आखावा

हरभरा घाट्यावर आला की आमच्याकडे रात्रीची जागल सुरू होते. रोही आणि रानडुकरं एका रात्रीत वावर साफ करतात, म्हणून माणूस माळ्यावर जाऊन बसतो आणि सोबतीला छोटा रेडिओ नेतो. आमच्या सामुदायिक केंद्राची तांत्रिक बाजू मी सांभाळतो. हिवाळ्यात मला येणारे बरेचसे फोन याच माणसांचे असतात. "भाऊ, घरी बराबर लागते, पन नाल्याच्या पल्याड गेलो का नुसतं खर्र खर्र करते."

अशी तक्रार आली की केंद्राच्या बैठकीत पहिली मागणी ठरलेली: मोठी मशीन घ्या, पॉवर वाढवा. मी या मागणीच्या विरोधात आहे. रेडिओचा पल्ला वाढवण्याचे जेवढे मार्ग आहेत, त्यांत पॉवर वाढवणं सगळ्यात महाग आणि सगळ्यात कमी उपयोगाचं. आधी उंची बघायची, मग जागा, मग केबल, मग अँटेनाची रचना, आणि हे सगळं जमल्यावरच ट्रान्समीटरकडे वळायचं. हा क्रम का लावायचा आणि प्रत्येक पायरीवर काय मिळवण्यासाठी काय सोडावं लागतं, ते इथे आकड्यांसकट मांडतो. वर्ध्यापासून गडचिरोलीपर्यंत एखादी संस्था, कृषी विज्ञान केंद्र किंवा महाविद्यालय नवं केंद्र उभारत असेल, तर टॉवरचा खड्डा खणण्याआधी हे वाचावं.

परवान्याची चौकट

आपल्याकडे सामुदायिक रेडिओ २००२ मध्ये फक्त शैक्षणिक संस्थांसाठी खुला झाला. २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तो स्वयंसेवी संस्था, कृषी विद्यापीठं आणि कृषी विज्ञान केंद्रांपर्यंत नेला. त्या तत्त्वांत अँटेनाच्या दृष्टीनं तीन आकडे महत्त्वाचे आहेत. ईआरपी, म्हणजे अँटेनातून प्रत्यक्ष फेकली जाणारी परिणामी शक्ती, जास्तीत जास्त १०० वॅट. गरज सिद्ध केली तर खास परवानगीनं २५० वॅटपर्यंत. अँटेनाची उंची जमिनीपासून जास्तीत जास्त ३० मीटर आणि कमीत कमी १५ मीटर. यातून ५ ते १० किलोमीटरचा परिसर व्यापावा, अशी अपेक्षा धरलेली आहे.

ईआरपी आणि ट्रान्समीटरची पॉवर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रान्समीटरचे वॅट घ्या, त्यातून केबलमध्ये मुरलेले वजा करा आणि अँटेना ऊर्जेला जितकं एका दिशेनं एकवटते तितक्या पटीनं गुणा. जे उरेल ते ईआरपी. तुमच्या परवान्यावर हाच आकडा बघितला जातो. ५० वॅटचा ट्रान्समीटर नीट बसवला तर ८० वॅट ईआरपी देतो आणि वाईट बसवला तर १२ वॅटही देत नाही. मशीन तीच असते.

पुढे डेसिबलचे आकडे येतील. त्यांचा हिशोब एवढाच: ३ डेसिबल म्हणजे शक्ती दुप्पट, ६ म्हणजे चौपट, १० म्हणजे दहापट.

आधी नकाशा, मग टॉवर

पहिली पायरी कागदावरची आहे. कार्यक्रम ज्यांच्यासाठी करायचा त्या गावांची आणि पाड्यांची यादी करा. प्रत्येक गावासमोर तीन गोष्टी लिहा: केंद्रापासूनचं अंतर, मधे टेकडी आहे का, आणि लोक रेडिओ कुठे ऐकतात. या तिसऱ्या रकान्याकडे कोणी लक्ष देत नाही, पण अर्धं नियोजन त्यावर ठरतं. घरात ऐकणाऱ्याचा रेडिओ सिमेंटच्या किंवा टिनाच्या छपराखाली असतो. वावरात ऐकणाऱ्याचा उघड्यावर, पण जमिनीपासून जेमतेम दीड मीटरवर. मोबाइलवर ऐकणाऱ्याचा इअरफोनची लोंबती वायर हाच अँटेना असतो. कित्येक नव्या मोबाइलमध्ये इअरफोनची खाच आणि एफएम दोन्ही नसतं, म्हणून गावात किती फोनवर रेडिओ लागतो हेही विचारून घ्या.

मग प्रत्येक गावापर्यंतचा जमिनीचा उभा छेद काढा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशातल्या समोच्च रेषांवरून तो हातानं काढता येतो. गूगल अर्थवर दोन ठिकाणं रेषेनं जोडली की तो संगणकावरच दिसतो. विदर्भाची जमीन इथे एकसारखी नाही. पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलडाण्याच्या सपाट पट्ट्यात, छेद जवळजवळ सरळ रेषेत येतो आणि काम सोपं होतं. यवतमाळ-वाशीमकडे अजिंठ्याच्या रांगांचे फाटे आणि खोल नाले आडवे येतात. मेळघाटात तर एका दरीतलं गाव शेजारच्या दरीतल्या केंद्राला कायमचं मुकू शकतं, मग कितीही वॅट लावा.

टेकडीआड गेलेली लहर पूर्ण मरत नाही, माथ्यावरून थोडी वाकून खाली उतरते. रेडिओ आणि अँटेना यांना जोडणारी सरळ रेषा माथ्याला नुसती शिवून जात असेल, तरी साधारण ६ डेसिबल जातात, म्हणजे चौथा हिस्साच उरतो. माथा त्या रेषेच्या वर आला की नुकसान भराभर वाढतं. आमचं नाल्यापल्याडचं वावर नेमकं अशाच एका बरडाच्या पायथ्याशी आहे.

उंची पॉवरपेक्षा का भारी

एफएमची लहर दोन वाटांनी पोचते, थेट आणि जमिनीवर आपटून. लांबच्या अंतरावर या दोन लहरी एकमेकींना बऱ्याच प्रमाणात खोडतात. अँटेना जितकी उंच तितकी ही खोडाखोड कमी होते. सपाट जमिनीवर याचा ठोकताळा असा निघतो की सिग्नलची ताकद प्रक्षेपकाची उंची गुणिले रेडिओची उंची या प्रमाणात वाढते, पॉवरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते आणि अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते.

आता हेच पल्ल्यात मोजू. पॉवर दुप्पट केली तर १० किलोमीटरचा पल्ला १२ च्या आतच राहतो. उंची दुप्पट केली तर तो १४ च्या पुढे जातो. उंची १५ वरून ३० मीटर करणं म्हणजे ६ डेसिबल, म्हणजेच ट्रान्समीटर चौपट मोठा घेण्याइतकं. शिवाय ट्रान्समीटर महिन्याला वीजबिल मागतो, उंची मागत नाही.

पुढचा हिशोब मी आमच्या केंद्रासाठी केला होता. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या नियोजनात ग्रामीण भागात मोनो (एकाच वाहिनीचं) प्रसारण समाधानकारक ऐकू यायला १० मीटर उंचीवर ४८ डेसिबल मायक्रोव्होल्ट प्रति मीटर एवढी ताकद धरतात, स्टीरिओला (डाव्या-उजव्या दोन वाहिन्यांना) ५४. ईआरपी १०० वॅट, उंची ३० मीटर, वारंवारता ९०.४ मेगाहर्ट्झ आणि मोकळी सपाट जमीन धरली, तर घराच्या छतावर १० मीटर उंच अँटेना लावणाऱ्याला मोनो १८ किलोमीटरपर्यंत आणि स्टीरिओ साडेबारा किलोमीटरपर्यंत मिळतं. पण तीच ताकद हातातल्या रेडिओला दीड मीटर उंचीवर हवी असेल, तर मोनोचा पल्ला सातच किलोमीटर उरतो. मार्गदर्शक तत्त्वांतले ५ ते १० किलोमीटर उगाच लिहिलेले नाहीत. आणि जागलीचा माणूस चार मीटरच्या माळ्यावर चढला, तर त्याच्यासाठी पल्ला ११ किलोमीटरवर जातो. "माळ्यावर लागते, खाली उतरलो का जाते" ही तक्रार खरीच आहे. झाडं आणि घरं यात धरलेली नाहीत, म्हणून प्रत्यक्षात याहून कमीच मिळेल असं समजून चाला.

लहर पसरत जाते, तिला आजूबाजूला जागा लागते. १० किलोमीटरच्या वाटेच्या मध्यावर ९०.४ मेगाहर्ट्झच्या लहरीला मोकळं जायला सरळ रेषेभोवती सुमारे ९० मीटर त्रिज्येची जागा हवी असते. तीस मीटरच्या टॉवरवरून ती कधीच पूर्ण मिळणार नाही. म्हणून वाढवलेला प्रत्येक मीटर कामी येतो. तीस मीटरपर्यंत परवानगी असताना खर्च वाचवण्यासाठी अठरा मीटरवर थांबू नका.

गावाजवळ टेकडी असेल तर मोह होतो, आणि तो बहुतेक वेळा योग्यच असतो. तत्त्वांतली ३० मीटरची मर्यादा जमिनीपासून मोजली जाते. ६० मीटर उंच टेकडीवर २० मीटरचा टॉवर उभारला, तर भोवतालच्या सपाटीच्या दृष्टीनं उंची ८० मीटर होते. गावातल्या ३० मीटरच्या टॉवरच्या तुलनेत हे सात पट पॉवरइतकं आहे. पण टेकडीवर वीज न्यावी लागते, स्टुडिओतून आवाज वर पोचवायला वेगळी लिंक लागते, उन्हाळ्यात वणवा येतो, केबल चोरीला जाते आणि पावसाळ्यात बिघाड झाला तर चिखलातून वर चढावं लागतं. टेकडीचा माथा रुंद असेल आणि टॉवर त्याच्या मधोमध असेल, तर पायथ्याचीच गावं माथ्याच्या कडेआड झाकली जातात. त्यामुळे टॉवर कडेला, ज्या बाजूला गावं जास्त त्या बाजूला घ्यावा. शैक्षणिक संस्थांना मात्र टॉवर आपल्या मुख्य आवारातच ठेवावा लागतो, त्यांच्यासाठी हा पर्याय नाही.

अँटेनाचे मजले किती ठेवावे

डायपोल म्हणजे मधोमध केबल जोडलेली, दोन तुकड्यांची धातूची दांडी. एका साध्या डायपोलची लांबी तरंगलांबीच्या अर्धी असते. ३०० ला मेगाहर्ट्झनं भागलं की तरंगलांबी मीटरमध्ये येते. ९०.४ वर ती ३.३२ मीटर, अर्धी १.६६. नळीच्या जाडीमुळे प्रत्यक्ष डायपोल त्याहून थोडा आखूड, १.५८ मीटरच्या आसपास कापतात.

असे दोन डायपोल एकाखाली एक लावले की ऊर्जा आकाशात आणि जमिनीत कमी जाते, क्षितिजाकडे जास्त. लाभ सुमारे ३ डेसिबल. चार लावले तर ६. विक्रेते चार मजल्यांची, म्हणजे चार डायपोलची अँटेना आग्रहानं सुचवतात. सामुदायिक केंद्राला ती घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

आमच्या मापांत सांगतो. पन्नास वॅटचा ट्रान्समीटर, चांगल्या केबलमधून वर पोचतात ४१ वॅट. एकच डायपोल टॉवरच्या टोकाला लावला तर त्याचं केंद्र सुमारे २९ मीटरवर येतं आणि ईआरपी ४१ वॅट. दोन डायपोल एकमेकांपासून एका तरंगलांबीवर, म्हणजे ३.३ मीटरवर लावले, तर ईआरपी ८० वॅटच्या आसपास जाते आणि दोघांचं मिळून केंद्र साडेसत्तावीस मीटरवर उतरतं. उंची कमी झाल्यानं अर्धा डेसिबल जातो, लाभ तीनचा मिळतो. हा व्यवहार फायद्याचा. चार डायपोल लावले तर ते टॉवरचे वरचे साडेअकरा मीटर व्यापतात आणि केंद्र चोवीस मीटरवर येतं. ईआरपी १६० च्या वर जाईल, पण परवाना १०० चा आहे, म्हणून ट्रान्समीटर तीस वॅटवर उतरवावा लागतो. दोन मजल्यांच्या तुलनेत ईआरपीमध्ये एक डेसिबल मिळाला, उंचीत एक डेसिबल गेला. पल्ला जिथल्या तिथे राहिला. वरून वजन दुप्पट, वाऱ्याचा धक्का दुप्पट, आणि गंजणारे जोड दुप्पट. फायदा एवढाच की वीज थोडी कमी लागते. सौरऊर्जेवर चालणारं केंद्र असेल तर त्याचा विचार करता येईल, एरवी दोन मजले पुरे.

टॉवरही अँटेनाचाच भाग असतो

कागदावर उभा डायपोल चारही दिशांना सारखा फेकतो. टॉवरच्या बाजूला बसवला की तसं राहत नाही, कारण लोखंडी टॉवरसुद्धा उभाच असतो आणि लहर परावर्तित करतो. टॉवरपासून पाव तरंगलांबीवर, म्हणजे सुमारे ८३ सेंटिमीटरवर बसवलेला डायपोल समोर जास्त आणि टॉवरच्या मागे कमी फेकतो. टॉवर जितका जाड तितका हा फरक मोठा.

याचा उपयोग करून घ्या. सगळी गावं उत्तर-पूर्वेला असतील आणि दक्षिणेला राखीव जंगल असेल, तर डायपोलचं तोंड उत्तर-पूर्वेला ठेवा, जंगलाकडे जाणारी ऊर्जा गावांकडे वळते. मात्र टॉवर गावांच्या मधोमध असेल तर डायपोल टोकाच्या नळीवर, टॉवरच्या लोखंडाच्या वर घ्यावा. एक मजला असेल तर हे सहज जमतं. दोन मजले असतील तर वरची चार-पाच मीटर नळी बारीक ठेवावी. आमच्या केंद्रात बसवणाऱ्यानं सोयीची शिडी ज्या बाजूला होती त्या बाजूला दोन्ही डायपोल लावून दिले. गावं निघाली उलट्या बाजूला. ते समजायला आणि फिरवायला आम्हाला एक अख्खा पावसाळा गेला. म्हणून बसवायच्या दिवशी होकायंत्र आणि गावांचा नकाशा घेऊन स्वतः टॉवरखाली उभे राहा.

ताणाच्या तारांबद्दलही हेच. अशा तारांवर (इंग्रजीत 'गाय वायर') उभा राहणारा बारीक खांब, म्हणजे मास्ट, लोखंडी मनोऱ्यापेक्षा खूप स्वस्त पडतो, पण ३० मीटरच्या मास्टला तारांचे खुंटे पायथ्यापासून १८ ते २४ मीटरवर, तीन दिशांना लागतात. एवढी जागा आणि तिथे बैल-ट्रॅक्टर घुसणार नाही याची खात्री हवी. शिवाय अँटेनाजवळून जाणाऱ्या अखंड लोखंडी तारा लहर पकडतात. तिथे चिनीमातीचे अंडाकृती इन्सुलेटर घालून पाऊण मीटरपेक्षा लहान तुकडे करावे, किंवा वरचा ताण वीज न वाहणाऱ्या दोरीचा घ्यावा.

उभी लहर की आडवी

खिशातल्या रेडिओची दांडी लोक उभी धरतात, मोटरसायकलवरच्या माणसाच्या इअरफोनची वायर उभी लोंबते, गाडीचा अँटेनाही उभाच. १०० वॅटच्या केंद्रानं उभं ध्रुवीकरण घ्यावं, म्हणजे डायपोल उभे लावून लहर उभी फेकावी, हा सरळ निर्णय आहे. वर्तुळाकार ध्रुवीकरणात शक्ती उभ्या आणि आडव्या भागांत निम्मी-निम्मी वाटली जाते. दांडी कशीही धरली तरी लागतं, पण प्रत्येक भागाला ३ डेसिबल कमी.

अपवाद जंगलाचा. गडचिरोलीतल्या किंवा मेळघाटातल्या सागाच्या जंगलात झाडांचे उभे बुंधे उभ्या लहरीला आडव्यापेक्षा जास्त खातात. गावांपर्यंतची वाट बहुतांशी जंगलातून जात असेल, तर वर्तुळाकार अँटेना तोट्याची ठरत नाही. कोरड्या उन्हाळ्यात सागाची पानं गळाल्यावर घेतलेली मोजणी खरी धरू नका. श्रावणात ओल्या पानांच्या जंगलातून पुन्हा मोजा.

केबलमध्ये मुरलेले वॅट

सगळ्यात स्वस्तात सुटणारा आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित प्रश्न हा आहे. ट्रान्समीटरच्या खोलीपासून अँटेनापर्यंत ४० मीटर केबल धरू. बारीक आरजी-५८ केबल १०० मेगाहर्ट्झला शंभर मीटरमागे सुमारे १६ डेसिबल खाते. चाळीस मीटरमध्ये साडेसहा, म्हणजे ५० वॅटमधले वर पोचले साडेअकरा. बाकीचे केबल तापवण्यात गेले. आरजी-२१३ वापरली तर २७ वॅट पोचतात. अर्ध्या इंचाची फोम भरलेली, तांब्याच्या नालीदार आवरणाची केबल वापरली तर ४१. स्वस्त केबल लावून शंभर वॅटचा ट्रान्समीटर घेणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करून बघावा.

ट्रान्समीटर टॉवरच्या पायथ्याशीच ठेवून केबल आखूड करता येते. पण मग ती खोली उन्हात तापते. चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४७ अंशांच्या पुढे जातो, टिनाच्या खोलीत त्याहून वर. ट्रान्समीटरला एवढ्या उष्णतेत पूर्ण पॉवरवर ठेवू नये. दक्षिणेची आणि पश्चिमेची भिंत जाड, छताला खालून आच्छादन, हवा आत यायला खालून जाळी आणि बाहेर जायला वरून पंखा, एवढं तरी करा. जिनिंगजवळ असाल तर जाळीत रुई अडकून हवा बंद होते, ती दर आठवड्याला काढायची.

केबलचा जोड हा टॉवरवरचा सगळ्यात दुबळा भाग. जोडावर आधी आपोआप चिकटणारी रबरी टेप, तिच्यावर उन्हात टिकणारी काळी टेप, खालून वर गुंडाळत, म्हणजे पाणी कौलांवरून ओघळावं तसं ओघळतं. खोलीत शिरण्याआधी केबलला खाली झोका द्या, पाणी तिथे ठिबकून जातं. पांढऱ्या नायलॉनच्या पट्ट्या वापरू नका, दोन उन्हाळ्यांत त्या तुटून पडतात आणि केबल वाऱ्यावर आपटायला लागते.

काळी माती आणि आकाशातली वीज

कपाशीची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर ठेवलेला पाया दर वर्षी थोडा हलतो आणि मास्ट कलतो. खड्डा काळ्या मातीचा थर ओलांडून मुरमापर्यंत न्या. थर फार खोल असेल तर स्थापत्य अभियंत्याकडून पायाची रचना करून घ्या. तारांचे खुंटेही मुरमातच हवेत. आषाढात आणि चैत्रात, वर्षातून दोनदा, ताण तपासा.

अर्थिंगलाही हीच माती त्रास देते. ओली असताना ती वीज उत्तम वाहून नेते, पण वैशाखात माती रॉडपासून सुटते आणि मधे हवेची फट राहते. नेमका तोच वळवाचा आणि कडकडाटाचा हंगाम. रॉडभोवती बेंटोनाइट (एक प्रकारची चिकणमाती) भरा, तो ओल धरून ठेवतो, आणि मार्चपासून खड्ड्यात पाणी टाकत राहा. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात अर्थिंगचा रोध कमी मिळतो, पण खारं पाणी लोखंडाची पट्टी खाऊन टाकतं. तिथे तांबं किंवा तांब्याचा लेप असलेले रॉडच घ्या. यवतमाळच्या पठारावर उलट अडचण: हात-दोन हातांवर काळा पाषाण. एक खोल रॉड जात नसेल तर तीन-चार आखूड रॉड, एकमेकांपासून रॉडच्या दुप्पट अंतरावर, पट्टीनं जोडून पसरवा.

टॉवरची अर्थिंग, केबलच्या आवरणाची, ट्रान्समीटरची आणि खोलीतल्या विजेची, या सगळ्या जमिनीत एकमेकींना जोडलेल्या असल्या पाहिजेत. वेगळ्या ठेवल्या तर वीज पडल्यावर त्यांच्यात हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो फरक ट्रान्समीटरमधूनच मिटतो. केबल खोलीत शिरते त्या ठिकाणी अरेस्टर, म्हणजे विजेचा झटका जमिनीत वळवणारं साधन, बसवा, त्याची पट्टी आखूड आणि सरळ ठेवा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' अॅप टॉवरवर चढणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असावं. ढग दिसायला लागले की चढायचं नाही. चढताना ट्रान्समीटर बंद, मेन स्विचला कुलूप आणि किल्ली चढणाऱ्याच्याच खिशात. पूर्ण अंगाचा पट्टा नसेल तर काम दुसऱ्या दिवशी.

चालू करण्याआधी

अँटेना जोडलेली नसताना ट्रान्समीटर कधीही चालू करू नका. आधी डमी लोडवर, म्हणजे अँटेनाऐवजी शक्ती पचवणाऱ्या रोधावर चालवून बघा, मग अँटेना जोडून अगदी कमी पॉवरवर एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत येते याचं माप, मोजा. १.५ असेल तर ४ टक्के शक्ती परत येते, चालून जातं. २ ला ११ टक्के, ३ ला २५ टक्के. दोनच्या पुढे असेल तर थांबा आणि जोड तपासा. मिळालेला आकडा तारखेसह भिंतीवर लिहून ठेवा. पावसानंतर तो वाढला तर कुठेतरी पाणी शिरलं आहे. एसडब्ल्यूआर चांगला असला म्हणजे अँटेना चांगली फेकते आहे असं मात्र होत नाही. पाण्यानं भरलेली लांब केबल परतीची शक्तीही पिऊन टाकते आणि मीटरवर सुंदर आकडा दाखवते. म्हणून वरच्या टोकालाही एकदा मोजा.

ट्रान्समीटरच्या पुढे लो-पास फिल्टर, म्हणजे आपल्या वारंवारतेच्या वरचं सगळं अडवणारी गाळणी, हवाच. ९०.४ ची दुप्पट, १८०.८ मेगाहर्ट्झ, दुसऱ्यांच्या पट्ट्यात पडते. १०८ मेगाहर्ट्झच्या लगेच वर विमानांच्या दिशादर्शनाचा पट्टा सुरू होतो, तिथे एक कणही सांडता कामा नये.

शेती, आरोग्य आणि गप्पांचे कार्यक्रम असतील तर प्रसारण मोनो ठेवा. वर दिलेला ६ डेसिबलचा फरक आठवा, एका बटणानं चौपट पॉवरचा फायदा. आवाजाची पातळीही बघा. मायक्रोफोनपासून दूर बसून हळू बोलणारा पाहुणा शेवटच्या गावात खरखरीखाली बुडतो. आवाज मर्यादेपलीकडे जाऊ न देणारा लिमिटर लावून विचलन (आवाजाबरोबर वारंवारता किती सरकते ते) ७५ किलोहर्ट्झच्या मर्यादेत, पण तिच्या जवळ ठेवलं, तर त्याच सिग्नलमध्ये बोलणं स्पष्ट येतं.

फिरून ऐकणं

शेवटी मोटरसायकल काढा. सोबत लोक वापरतात तसाच साधा रेडिओ घ्या, महागडा नको. स्टुडिओत एकानं सतत बोलत राहावं. आठ दिशांना, दर किलोमीटरवर थांबा, रेडिओ छातीशी धरा, मग डोक्यावर, मग एखाद्या घरात. प्रत्येक ठिकाणी पाच पायऱ्यांत नोंद करा: स्वच्छ, थोडी खरखर, समजतं, तुटक, नाही. दोन पावलं सरकल्यावर आवाज जात-येत असेल तर तेही लिहा. तिथे सिग्नल कमी असेलच असं नाही, टेकडीवरून परतलेली लहर थेट लहरीला खोडत असते. त्या घराला रेडिओ दुसऱ्या खिडकीत ठेवायला सांगितलं तरी भागतं.

ही फेरी तीनदा हवी: वैशाखात, श्रावणात आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे. हिवाळ्यात जमीन गार आणि वरची हवा ऊबदार असते, तेव्हा लांबच्या केंद्रांच्या लहरी वाकून आपल्याकडे येतात. एफएममध्ये जो जोरात तोच ऐकू येतो, त्यामुळे कडेच्या गावांत पहाटे आपल्या जागी भलतंच केंद्र लागू शकतं. तुमची यंत्रणा त्या वेळी बिघडलेली नसते, उन्हं वर आली की ते जातं. सकाळी सातची बाजारभावाची वार्ता कडेच्या गावांसाठी साडेनऊला पुन्हा लावा.

नोंदी नकाशावर रंगवल्यावर जी गावं कोरी राहतील, त्यांच्यासाठी पॉवर वाढवण्याआधी तिथल्या घरांत साधी अँटेना लावून बघा. पाऊण मीटरच्या दोन तारा, एक वर आणि एक खाली अशा बांबूला उभ्या बांधायच्या, मधून केबल रेडिओच्या दांडीपर्यंत आणायची आणि बांबू छपराच्या वर न्यायचा. वीज कडाडायला लागली की ती केबल रेडिओवरून काढून घराबाहेर टाकायची. नाल्यापल्याडच्या त्या वावरात आम्ही माळ्याच्या खांबालाच असा बांबू बांधला. तिथे आता खाली, धुऱ्यावर बसूनही रेडिओ लागतो.